टोपी काढणारा माणूस

माझ्या बाबांना कॉम्प्युटर चालू करता येत नव्हता, पण त्यावरचा एक गेम त्यांच्याइतका चांगला आमच्या क्लासमध्ये कोणालाच खेळता येत नव्हता. क्लास होता भिवंडीत धामणकर नाक्याजवळ, एका यंत्रमागाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली लूम खडखडत असायचे आणि वर आम्ही दहा-बारा पोरंपोरी थरथरणाऱ्या टेबलांवर टायपिंग शिकायचो. बाबा दुसऱ्या एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे अडलेला लूम खोलून, ठोकून, पुन्हा चालू करून देणारे. शिफ्ट सुटली की ते मला न्यायला यायचे आणि माझं उरकेपर्यंत दारात चपला हातात घेऊन उभे राहायचे. क्लासचे सर भला माणूस. एक दिवस त्यांनी बाबांना कोपऱ्यातल्या रिकाम्या मशीनसमोर बसवलं, की-बोर्डवरचे दोन बाण दाखवले, हा डावीकडे आणि हा उजवीकडे, आणि एक गेम लावून दिला.

त्यानंतर मी घरी चला म्हणून त्यांची वाट बघत बसायला लागले.

हे दोन हजार सालच्या आसपासचं. गेम अगदी साधा होता. वरून काहीतरी पडायचं आणि खाली एक माणूस पेटी घेऊन इकडून तिकडे सरकत ते झेलायचा. बाबांची पाठ ताठ, मान स्थिर, फक्त उजव्या हाताची दोन बोटं हलायची. त्या बोटांची मला सवय होती. तुटलेल्या धाग्याची गाठ ते बोलता बोलता मारायचे, बघणाऱ्याला गाठ दिसायचीही नाही, एकदम धागा सलगच दिसायचा. मी पुढे कोर्स संपवला, सर्टिफिकेट आईनं देवघराशेजारी लावलं, आणि त्या गेमचा आम्हा सगळ्यांना विसर पडला.

पाच-सहा वर्षांनी बाबांना लकव्याचा झटका आला. जीव वाचला, बोलणं थोडं जड झालं तरी कळत होतं, पाय ओढत का होईना चालायला लागले. हात मात्र आला नाही. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या मॅडम होत्या, त्यांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की पहिले सहा महिने सगळ्यात महत्त्वाचे. ह्या दिवसांत हात जेवढा वापरला जाईल तेवढा येईल, नंतर अवघड. कारखान्याच्या शेठनं सांगितलं होतं की जागा ठेवतो, पण हातच नाही त्या जॉबरला कोण कामावर घेणार, हे शेठला, बाबांना आणि आम्हालाही माहीत होतं.

मॅडमनी स्पंजचा एक पिवळा चेंडू दिला होता. दिवसातून चार वेळा तो दाबायचा. बाबांनी तो दोन दिवस दाबायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हातानं पलंगाखाली फेकला. आईनं काढून दिला, पुन्हा फेकला. "मी काय तान्हं पोर हाय?" एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. हट्टीपणात आमच्या घरात कोणी कोणाला हार जात नाही. मी सुद्धा तेव्हा त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही, आजारी माणसाशी अबोला धरणारी मुलगी म्हणून आईनं मला ऐकवलं ते वेगळं.

मी तेव्हा राहनाळच्या एका गोदामात नोकरीला होते. आलेल्या-गेलेल्या मालाच्या नोंदी दिवसभर कॉम्प्युटरवर टाकायच्या, शिवाय घरी एक कॉम्प्युटर घेतला होता, त्यावर लोकांची टायपिंगची कामं करायची. एका संध्याकाळी मी टाईप करत होते आणि बाबा पलंगावरून माझ्या बोटांकडे बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तो कांडीवाला गेम हाय का ह्याच्यात?"

मी म्हटलं, कुठला कांडीवाला?

"सरांच्या क्लासातला. असता तर खेळलो असतो."

झटक्यानंतर दीड महिन्यात बाबांनी स्वतःहून काहीतरी मागितलं ते हे पहिलं. मी दुसऱ्या दिवशीपासून त्या गेमच्या मागे लागले. मला वाटलं होतं, आठवडाभराचं काम आहे.

पहिली अडचण ही की त्या गेमचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. क्लासमध्ये आम्ही 'जी-नऊ' टाईप करून तो सुरू करायचो, एवढं मला पक्कं आठवत होतं. नाक्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन मी इंटरनेटवर जी-नऊ टाकलं, तर पानंच्या पानं दिव्याच्या बल्बांची चित्रं आली. मग मी सरांना शोधलं. क्लास कधीच बंद झाला होता आणि सरांनी कोन गावात रस्त्यालगत झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. सरांना बाबांचं ऐकून फार वाईट वाटलं. पण नावाचं विचारल्यावर ते ओशाळले. पोरं शिकायचं सोडून खेळत बसतात म्हणून सगळ्या गेमची नावं त्यांनीच बदलली होती, जी-एक पासून जी-वीस पर्यंत, आणि मूळ नावं लिहून ठेवली नव्हती. जुन्या फ्लॉप्यांचा डबा होता. तो त्यांनी माळ्यावरून काढला. आत इतकी बुरशी धरली होती की फ्लॉपी हलवली तर पांढरी भुकटी पडायची. मी तरी तिथेच बसून एकेक फ्लॉपी रुमालानं पुसली. एकही चालली नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी. गेममध्ये वरून काय पडायचं, ह्यावर कोणाचं एकमत नव्हतं. बाबा म्हणायचे कांड्या, म्हणजे लूमच्या धोट्यात बसतात त्या धागा गुंडाळलेल्या नळ्या. सर म्हणाले बाटल्या. मला स्वतःला मडकी आठवत होती, लाल, गळ्याशी निमुळती. आई एकदाच क्लासमध्ये आली होती, तिनं ठामपणे सांगितलं की कैऱ्या होत्या आणि एवढंही तुम्हाला आठवत नाही तर कसले शिकलात.

सायबर कॅफेत मला एक साईट सापडली. तिथे जगभरातली माणसं असेच आपापले हरवलेले गेम शोधत होती. एकानं लिहिलं होतं, एक निळा बेडूक होता आणि एक जिना, बाकी काही आठवत नाही. एका बाईला फक्त एवढंच आठवत होतं की शेवटी एक दरवाजा उघडायचा आणि तिचा भाऊ टाळ्या वाजवायचा. आणि खाली कोणीतरी, ज्याचा ह्या बाईशी काही संबंध नाही असा माणूस, पाच-सहा नावं सुचवायचा, हा बघ, तो बघ. एवढी माणसं अर्धवट आठवणी घेऊन हिंडतायत आणि त्यांना शोधून द्यायला तेवढीच माणसं बसलीयत, हे वाचून मला फार बरं वाटलं. तोवर मला वाटत होतं की हा खुळेपणा माझा एकटीचाच आहे.

मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत लिहिलं. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे आधी कांड्या लिहिल्या. त्या म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा तास गेला, आणि कोणालाच काही कळलं नाही. मग नुसतं लिहिलं, वरून वस्तू पडतात आणि खाली एक माणूस झेलतो. ह्यावर मात्र उत्तरांचा पाऊस पडला. वरून वस्तू पडतात असे गेम ह्या जगात किती आहेत ते तेव्हा मला कळलं.

त्यानंतरचे दोन महिने मी दर शुक्रवारी एक-दोन गेम घरी आणायचे. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात, आमच्या गोदामालाही तीच सुट्टी, आणि आवाज थांबलेला असला की बाबांचं डोकं जरा थाऱ्यावर असायचं. मी गेम लावायचे आणि ते पलंगावरूनच निकाल द्यायचे. कोंबड्या अंडी घालतात, टोपली सरकते. "ह्यो न्हाय." झाडावरून सफरचंदं पडतात. "ह्यो न्हाय." एका गेममध्ये विमानातून छत्र्या घेतलेली माणसं उड्या मारत होती आणि त्यांना होडीत झेलायचं होतं. त्याकडे मात्र बाबा बराच वेळ बघत राहिले. मला आशा वाटायला लागली. मग म्हणाले, "माणसं पडतायत वरून. ह्यो कसला खेळ." असे अकरा गेम झाले. अकराव्याला ते पलंगावरून उठून टेबलाजवळच्या खुर्चीत येऊन बसले होते, हे माझ्या लक्षातही आलं नाही. आईच्या आलं. तिनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, तू आणत राहा, सापडो न सापडो.

पण मला सापडायला हवा होता. चार महिने उलटत आले होते आणि हात मांडीवरच होता. त्या शुक्रवारी मी जरा चिडूनच म्हटलं की बाबा, जगात असे शंभर गेम आहेत, कांडी कांडी करून भागणार नाही, अजून काहीतरी नीट आठवा.

बाबांनी डोळे मिटले. मग हळूहळू, शब्द जुळवत म्हणाले, "तीन सुटल्या की तो मानूस टोपी काढतो. वाकतो आपल्याला."

मला हे अजिबात आठवत नव्हतं. बाबांच्या मशीनवर तीन सुटायची वेळच कुठे यायची.

"मी कधी कधी मुद्दाम सोडायचो," ते म्हणाले. "सकाळधरनं शेठ ऐकवनार, फोरमन ऐकवनार. ह्यो एकटाच आपल्यासमोर टोपी काढायचा."

मी उठून बाहेर गेले. त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. ज्या माणसाला मी रोज दारात चपला घेऊन उभं केलं होतं, तो तिथे मुद्दाम हरत बसायचा, आणि मी मात्र मनगटावरच्या घड्याळाकडे बघत चिडचिड करायचे. मला माझी लाज वाटली.

त्याच दिवशी जाऊन मी साईटवर एवढंच लिहिलं, हरल्यावर माणूस टोपी काढून वाकतो. तीन दिवसांनी एक उत्तर आलं. कोण कुठला माणूस, मला आजही माहीत नाही. त्यानं लिहिलं होतं, टोपी? मग हा तोच. लहानपणी त्याच्याकडेही होता म्हणे. सोबत गेम उतरवून घ्यायचा पत्ता दिला होता. गेम इतका चिमुकला होता की एका फ्लॉपीत मावला आणि वर जागाही उरली. सायबर कॅफेत चित्र उघडून बघितलं तर कांड्या नव्हत्या, मडकी नव्हती, कैऱ्याही नव्हत्या. नुसते पिवळे लांबट ठोकळे होते. ज्यानं त्यानं आपापल्या हातातलं काम त्यात बघितलं होतं. सरांना बाटल्या आणि मला मडकी का दिसली ते मात्र देवाला ठाऊक.

पुढच्या शुक्रवारी आईनं शिरा केला. बाबांना खुर्चीत बसवलं, उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, बोट बाणावर ठेवलं. माणूस पडद्यावर आला, टोपी घातलेला, पेटी घेतलेला. बाबांचा चेहरा उजळला. "ह्योच." मी गेम सुरू केला.

ठोकळे पडले म्हणणंही खोटं. वरपासून खालपर्यंत पिवळी रेघ ओढल्यासारखी दिसली आणि माणसानं टोपी काढली. पुन्हा सुरू केला, पुन्हा टोपी. मी स्वतः खेळून बघितलं, माझ्या धडधाकट हातालाही एकसुद्धा ठोकळा मिळाला नाही. मी आपली परत परत सुरू करत राहिले, परत परत तो माणूस वाकत राहिला, आणि चौथ्या का पाचव्या वेळी बाबांनी डाव्या हातानं की-बोर्ड ढकलून दिला. तो टेबलावरून खाली पडला, दोन बटणं निसटून पलंगाखाली गेली, पिवळ्या चेंडूच्या सोबतीला.

आणि मी बोलून बसले. हात हलवायचाच नसेल तर तसं सांगा, मी उगाच दारोदार फिरते, असं. बोललेला शब्द परत घेता आला असता तर मी तेव्हाच घेतला असता. शिरा तसाच राहिला.

दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना, डाव्या हातानं घास घेता घेता, बाबा म्हणाले, "बाय, गेम तोच हाय. मशीन पळतंय."

मला कळलं नाही.

"मोटरची पुली मोठी लावली तर लूम पळतो. कांडी तीच, धागा तोच, पन कारागिराचा हात पुरत न्हाय. तुझ्या मशीनची पुली मोठी हाय."

मी गोदामात कॉम्प्युटरवर काम करणारी, सर्टिफिकेटवाली, आणि दोन बाणांपलीकडे कॉम्प्युटर न कळणाऱ्या माणसानं मला बिघाड सांगितला. मी तडक कोनला गेले. सरांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. जुने गेम मशीनच्याच वेगानं धावतात, ते म्हणाले. जेव्हा ते लिहिले तेव्हा मशीनच हळू होती, म्हणून कोणाला फिकीर नव्हती. मशीनचा वेग कमी करून दाखवणारा एक प्रोग्राम त्यांनी दिला, तो लावून बघितला. ठोकळे हळू पडायला लागले खरे, पण थांबत, दचकत, मध्येच झेप घेत. बाबांनी एकदाच बघून मान हलवली. हिसके देतंय, धागा तुटेल, म्हणाले.

मग एकच उपाय उरला, हळू मशीनच आणायचं. दुसऱ्या गावात हे बोलले असते तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. भिवंडीत कोणी हसलं नाही. इथले निम्मे लूमच कुठल्या ना कुठल्या बंद पडलेल्या गिरणीतून वजनावर आलेले. बापानं जुना लूम आणायचा, जॉबरनं तो बोलका करायचा आणि पोरानं त्यावर घर चालवायचं, ही इथली रीत. जुनं झालं म्हणजे संपलं, असं आमच्याकडे कोणी मानत नाही.

राहनाळला आमच्या गोदामाच्या मागे एक भंगाराचं गोदाम होतं. मुंबईच्या ऑफिसांतून काढलेले कॉम्प्युटर तिथे पोत्यांसारखे रचलेले असायचे. मालक म्हातारे चाचा होते. मी सांगितलं की मला सगळ्यात जुनं आणि सगळ्यात हळू मशीन पाहिजे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बेटा, सब लोग फास्ट माँगता है," म्हणाले. मी कारण सांगितलं. ते उठले आणि स्वतः माझ्याबरोबर ढिगात शिरले. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत मी तिथे जात होते. तिसऱ्या दिवशी सरांनी वर्णन केलं होतं तसा डबा सापडला. मूळचा पांढरा, आता हळदीसारखा पिवळा, पुढे काचेत आकडे दाखवणारी छोटी खिडकी आणि तिच्याखाली एक चौकोनी बटण. वजनकाट्यावर ठेवून चाचांनी तो मला दिला आणि वरून एक जुना की-बोर्ड कपड्यात गुंडाळून दिला, त्याचं वजन केलं नाही. अब्बा को बोलना खेलने को, एवढं म्हणाले.

सरांनी दोन दिवस तो डबा उघडून ठेवला, ह्याचं काढून त्याला लावलं, आणि अखेर मशीन बोललं. खिडकीत हिरवे आकडे उमटले, ६६. सरांनी खालचं बटण दाबलं. आकडे बदलले, ३३. हेच ते, सर म्हणाले, हे बटण हळू करायलाच असायचं. बाबांना घरी हे समजावल्यावर ते पहिल्यांदा मोकळेपणानं हसले. बटण दाबून पुली बदलते, आणि मी जन्मभर पाना-पक्कड घेऊन लूमखाली झोपलो, म्हणाले.

मशीनच्या आतला सेल मेलेला होता. त्यामुळे दर वेळी चालू केलं की ते आजची तारीख विचारायचं, आणि आपल्या मनानं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची काहीतरी दाखवायचं. मी सुरुवातीला खरी तारीख घालायचे. मग सोडून दिलं. तेवढं एक तरी घरात असं होतं ज्याला सहा महिन्यांची घाई नव्हती.

तेहतीसवर गेम अगदी आठवणीतला निघाला. ठोकळे एकेक करून, सावकाश, वाट बघत पडायचे. बाबांनी पहिल्या दिवशी डाव्या हातानं खेळून मनसोक्त झेलले आणि मी त्यांना खेळू दिलं. दुसऱ्या दिवसापासून डावा हात त्यांनी स्वतःच मांडीखाली दाबून ठेवला. आई उजव्या हाताखाली टॉवेलची घडी ठेवायची, मी बोट बाणावर ठेवायचे, आणि ते बोट तिथे नुसतं पडून राहायचं. बाबांच्या कपाळावर घाम यायचा, मानेच्या शिरा ताठायच्या, आणि बोट ढिम्म. माणूस टोपी काढायचा. दिवसात शंभर वेळा काढत असेल. कंटाळला असेल तो, असं आई म्हणायची. बाबा मात्र कंटाळले नाहीत. पिवळा चेंडू दोन दिवसांत फेकणारा माणूस रोज सकाळी आपणहून त्या खुर्चीत जाऊन बसायचा. दुपारी लाईट जायची तेव्हा अंधाऱ्या पडद्यासमोर बसून राहायचा, येईपर्यंत.

तिसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, मी जेवणाचा डबा भरत होते आणि आई खुर्चीशेजारी खाली बसून तांदूळ निवडत होती. मी आतून ऐकलं, आई म्हणाली, "सरकला."

मी बाहेर आले. पडद्यावरचा माणूस मध्यापासून एक घर डावीकडे उभा होता. ठोकळा त्याच्या पेटीत पडला नव्हता, शेजारी पडला होता. पण सरकला होता. बाबा बोटाकडे बघत होते, पडद्याकडे नाही. मी त्या दिवशी कामावर उशिरा पोचले आणि उशीर का झाला ते मुकादमाला सांगताना रडले. तो बिचारा घाबरून मला पाणी आणायला गेला.

सहा महिने कधी पूर्ण झाले ते मला कळलं नाही. दवाखान्यात मॅडमनी हात तपासला, बोटं दुमडून बघितली आणि विचारलं, चेंडू नीट वापरताय वाटतं. बाबांनी मान डोलावली. मीही डोलावली. घरी आल्यावर बाबांनी आईला तो चेंडू पलंगाखालून काढायला सांगितलं. खोटं बोलल्याचं त्यांना टोचलं असावं. त्या दिवसापासून गेम झाला की चेंडूही दाबायला लागले. बोटं उघडायची, मिटायची, पेला धरता यायचा, अर्धा भरलेला असला तर. गाठ मात्र जमत नव्हती. त्यांनी कारखान्यातून धाग्याची एक कांडी मागवली होती, ती खिडकीत ठेवलेली असायची. रोज एकदा प्रयत्न करायचे, धागा बोटांतून सुटायचा, आणि ते शांतपणे कांडी परत खिडकीत ठेवायचे. पूर्वी फेकली असती.

मला वाटलं होतं की आता हे असंच चालेल. बाबा घरी राहतील, पेला धरतील, तेहतीसवर रोज तीन-चारशे ठोकळे झेलतील. मला त्यात समाधान होतं. माझं मी ठरवूनही टाकलं होतं की पगारावर आणि टायपिंगवर भागेल, बाबांना आता कारखाना नको. त्यांना विचारावं असं काही मला सुचलं नाही.

मग एक दिवस मी राहनाळहून शेअर रिक्षानं नाक्यावर उतरले आणि घरी आले. दारातूनच ठोकळ्यांचा आवाज ऐकू आला, टिक, टिक, टिक, नेहमीपेक्षा जवळजवळ. बाबा खुर्चीत होते, डावा हात मांडीखाली. माणूस पडद्यावर इकडून तिकडे धावत होता आणि बरेचसे ठोकळे त्याच्याकडून सुटत होते. मी मशीनकडे बघितलं. खिडकीत हिरवे आकडे होते, ६६.

ते बटण घट्ट होतं. अंगठा रोवून जोर दिल्याशिवाय दबायचं नाही, मलाही दोनदा दाबावं लागायचं. मशीन टेबलाच्या उजव्या अंगाला होतं. डावा हात तिथे पोचत नव्हता.

मी आईला विचारलं, हे कोणी दाबलं.

"मी त्या डब्याला हात लावते का कधी?" आई म्हणाली आणि बाबांकडे बघितलं.

बाबांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "तेहतीसवर पगार न्हाय मिळत, बाय," म्हणाले.

तेवढ्यात तिसरा ठोकळा सुटला. माणसानं टोपी काढली आणि वाकला. बाबांनी तो सरळ उभा राहीपर्यंत थांबून बघितलं, आणि उजव्या हाताच्या बोटानं गेम परत सुरू केला.